गोवऱ्यांवरचा पीच कॉब्लर

रविवार, १४ मे १९७८. आकाश निरभ्र. कमाल तापमान ४५.८. दुपारी पश्चिमेकडून एक वावटळ आली आणि हनुमाननगरातली वाळत घातलेली दोन धोतरे घेऊन पूर्वेकडे गेली.

अशा दिवशी नागपूरचा शहाणा माणूस दाराखिडक्यांना लावलेल्या खसच्या ताट्या भिजवतो, बाहेर पडायचेच झाले तर खिशात कांदा ठेवतो आणि ऊन उतरेपर्यंत कोणताही निर्णय घेत नाही. मार्तंडराव गावंडे हे शहाणेच गृहस्थ होते. परंतु त्यांनी आपला निर्णय बुधवारीच घेऊन ठेवला होता. तो असा, की रविवारी रात्री साहेबांना सपत्नीक जेवायला बोलवायचे आणि अमेरिकेत मिळतो तसा पीच कॉब्लर घरी करून खाऊ घालायचा.

मार्तंडरावांनी तोपर्यंत पीच पाहिलेला नव्हता आणि कॉब्लर खाल्लेला नव्हता. स्वयंपाकघरात त्यांची मजल माठापर्यंत होती. (माठ दाराशीच ठेवलेला असे.)

पण त्यांच्यावर वेळच तशी आली होती. मार्तंडराव जमिनीखालचे पाणी मोजणाऱ्या एका सरकारी कार्यालयात मुख्य कारकून होते. त्या कार्यालयाची एक शाखा सिरोंच्याला होती. सिरोंचा म्हणजे चांदा जिल्ह्याचे पार शेवटचे टोक. त्याच्या पुढे नदी, आणि नदीपलीकडे दुसरे राज्य. गेल्या दोन वर्षांत तिथे तीन कारकून गेले आणि तिघेही प्रकृतीची सर्टिफिकेटे घेऊन परत आले. आता जूनपासून तिथे कोणीतरी अनुभवी माणूस पाठवायचा होता. नावे दोनच उरली होती: एक मार्तंडराव, दुसरे त्याच कार्यालयातले वामनराव. दोघांपैकी कोण, हे साहेबांनी ठरवायचे होते.

मार्तंडरावांच्या पत्नी पुष्पलताबाई महापालिकेच्या शाळेत मास्तरीण होत्या. सुटीला मामाकडे गेलेल्या दोन्ही मुली नागपुरातच शिकत होत्या. त्यामुळे बदली झालीच तर मार्तंडरावांना एकट्यालाच जावे लागणार होते. आणि मार्तंडराव आयुष्यात एकटे राहिले ते फक्त बायकोच्या बाळंतपणांत. तेव्हाही दोन्ही वेळेला सासूबाईंचा डबा येत असे. डबा यायला उशीर झाला की ते अंगणात उभे राहून रस्त्याकडे पाहत, आणि शेजाऱ्यांना वाटे की बाळाची काळजी करत आहेत.

आता साहेबांविषयी. पांढरीपांडे साहेब सहा महिने अमेरिकेत प्रशिक्षणाला जाऊन आले होते. विदर्भातले पाणी कुठे गेले, हे अमेरिकेला विचारून यावे म्हणून सरकारने त्यांना पाठवले होते. परत आल्यापासून साहेब पाण्याविषयी फारसे बोलत नसत. ते बोलत तिकडच्या खाण्याविषयी, आणि तेही नेमके दुपारच्या सुटीत, समोरच्याच्या डब्यातल्या पोळी-भाजीकडे दयेने पाहत.

त्या बुधवारीही तसेच झाले.

"काय सांगू गावंडे," साहेब म्हणाले, "पीच कॉब्लर म्हणजे काय चीज असते! खाली पीचच्या रसरशीत फोडी, वर खुसखुशीत थर. थर शेवटच्या क्षणी घालायचा बरं का, नाहीतर भिजतो, सगळी मजा जाते. मग ओव्हनमध्ये. आपल्याकडे नाही व्हायचं ते. आपल्याकडे ओव्हन नाही, पीच नाही, आणि मुख्य म्हणजे सिन्सिअरिटी नाही."

वामनराव मान डोलावून जेवत राहिले. वामनरावांचा हाच गुण होता. मार्तंडरावांकडे तो नव्हता.

"होते ना साहेब," ते म्हणाले. "माझ्या घरी होते."

"काय होते?"

"कॉब्लर."

वामनरावांना ठसका लागला. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. तोपर्यंत मार्तंडरावांच्या तोंडून रविवारचे आमंत्रणही निघून गेले होते.

घरी पुष्पलताबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवणाऱ्या बाईला शांतपणाची सवय असते.

"आपल्या घरी होते म्हणता. कवा झालं होतं जी?"

"झालं नाही अजून. रविवारी होईन."

"कोण करन?"

मार्तंडराव माठाकडे पाहू लागले.

"म्हणजे मी," पुष्पलताबाई म्हणाल्या. "बरं. खाली फळं, वर कणीक, नि हे सारं कशात भाजाचं? रॉकेलच्या स्टोव्हवर?"

"ओव्हन लागते म्हणे."

"मंग तेही आपल्या घरी आहे म्हणून सांगाचं होतं ना. काहून ठेवलं तेवढंच?"

पण नवऱ्याला तीन वर्षे सिरोंच्याला धाडायची त्यांचीही इच्छा नव्हती. (आरंभी नव्हती. शनिवारपर्यंत त्या विषयावर त्यांचे मत थोडे सैल झाले होते.) रात्री अंथरुणे घालताना त्यांनीच एक युक्ती काढली, आणि ती युक्ती, खरे सांगायचे तर, पुढच्या सगळ्याचे मूळ ठरली.

"मी करन," त्या म्हणाल्या, "पण सांगाचं असं, का तुमी केलं. बायकोच्या हातचं साहेब कोणाच्याही घरी खाते. नवऱ्यानं सैपाक केला म्हणाल, तं त्याच्या ध्यानात राहीन."

"मले सैपाक येते हे कोणाले पटन?"

"कॉब्लर येते हे पटलं ना?"



गुरुवारपासून पीचचा शोध सुरू झाला. शब्दकोशात पाहिले तर ‘सप्ताळू’ असा अर्थ सापडला, आणि सप्ताळू कोणी पाहिला आहे का असे कॉटन मार्केटात विचारल्यावर एका फळवाल्याने त्यांना औषधवाल्याकडे पाठवले. शेवटी सदर बाजारातल्या एका जुन्या दुकानात हवाबंद डबे मिळाले. दुकानदाराने फुंकर मारली तेव्हा धुळीखालून आधी चित्र निघाले, मग नाव. चित्र फळाचे आहे की सूर्यास्ताचे यावर थोडा वाद झाला. डबे दोनच होते. मार्तंडरावांनी दोन्ही घेतले आणि सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून, खाचखळगे चुकवत, एखाद्या नव्या बाळंतिणीला आणावे तसे घरी आणले.

ओव्हनचा प्रश्न मात्र सोपा होता. उन्हाळ्याच्या सुटीत हनुमाननगरातले प्रत्येक घर कोपऱ्यावरच्या बेकरीत मैदा, तूप आणि साखर नेऊन देई आणि संध्याकाळी डबाभर नानखटाई घेऊन येई. भट्टी बेकरीची, सामान घरचे. ही पद्धत इतकी रुळलेली होती की त्यात कोणी कोणाशी बोलतही नसे. मार्तंडरावांनी तिथे जाऊन बोलायचे ठरवले. हा त्यांचा काटेकोरपणा होता.

रविवारी दुपारी, वावटळ जाऊन गेल्यावर, ते खिशात कांदा आणि दोन्ही हातांत सामान घेऊन बेकरीत पोचले. एका पसरट थाळ्यात पाकासकट पीचच्या फोडी होत्या. दुसऱ्या पातेल्यात पुष्पलताबाईंनी मैदा, साखर, तूप आणि थोडे दूध घालून मळलेला गोळा होता. घरातली रेशनची साखर त्यात झाडून पुसून गेली होती. दोन्ही वेगळे ठेवण्याचे कारण उघड होते: थर शेवटच्या क्षणी घालायचा, असे साहेब म्हणाले होते.

भट्टीवर धोंडबा होता. त्याच्यामागे निदान तीस घरांची पातेली ओळीने मांडलेली होती.

"धोंडबा, हे पाहा गा. हे राहीन खाली, हे राहीन वर."

"हव जी."

"भट्टीत घालाच्या वेळीच वर घालाचं. आधी नाही."

"हव जी."

"आधी घातलं तं वलं होईन. सारी मजा जाईन."

"जाईन ना जी."

"मंग सांग, काय करशीन?"

"भट्टीत घालन."

उत्तर कुठेच चुकलेले नव्हते. मार्तंडराव समाधानाने घरी आले, कूलरपुढे आडवे झाले आणि वामनराव बैलगाडीत सामान भरून सिरोंच्याला चालले आहेत, असे स्वप्न पाहू लागले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ते थाळा आणायला गेले, तेव्हा धोंडबाने त्यांच्या हातात डालड्याचा डबा ठेवला. डब्यात नानखटाई होती. प्रत्येकीच्या मध्यभागी बोटाने दाबून खळगा केलेला होता; काम अतिशय नीटनेटके होते.

"हे काय आहे?"

"नानखटाई जी. भल्ली झाली तुमची. तूप मोकळं होतं."

"अरे, मी काय सांगतलं होतं तुले? खाली नि वर!"

"मैदा, तूप, साखर आली का नानखटाई होते जी. हे तं लहान पोट्टंही सांगन."

"नि फळं? फळं कुठी आहे?"

धोंडबाने फडताळातून थाळा काढून दिला. फोडी थाळ्याच्या तळाशी, एकमेकींपासून लांब लांब बसल्या होत्या. त्या अगदी कोरड्या होत्या.

"याच्यातला पाक कुठी गेला?"

"धुऊन देल्लं ना जी. माशा बसून राहिल्या होत्या. तीन पाण्यांनं धुतलं."

"नि एवढ्याच फोडी? डबे दोन होते!"

"आमच्या नातवाले वाटलं आंबा आहे. खाऊन पाह्यल्यावर समजलं का नाही."

"मंग थांबला का नाही तो?"

"समजेस्तोवर संपल्या जी," धोंडबा म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे पातेले उचलले.

मार्तंडराव डबा आणि थाळा घेऊन घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून पुष्पलताबाईंनी आधी त्यांना पाणी दिले आणि मग डब्यात पाहिले. त्यांनी एक नानखटाई उचलून खाल्ली.

"चांगली झाली," त्या म्हणाल्या.

"चांगली झाली काय? साहेब आता येईन! मी काय सांगू त्याले, कॉब्लर गोल असते म्हणून?"

"जोरानं बोलू नका. अंजनाबाई ऐकतीन."

अंजनाबाईंनी ऐकले होतेच. अंजनाबाई घरमालकीण. खाली राहत, आणि वरच्या बिऱ्हाडात भांडे पडले तर ते पितळेचे की स्टीलचे हे खालून सांगत. त्या दिवशी त्यांच्याकडे भाचे मंडळी आली होती आणि मागच्या अंगणात रोडग्यांचा बेत होता. हुडकेश्वरहून गाडीभर गोवऱ्या आल्या होत्या; त्या पेटवून त्यांचा लालबुंद आर तयार झाला होता, आणि कणकेचे जाड रोडगे त्यात भाजत होते. ज्या दिवशी सूर्य फुकट भाजून देत होता त्या दिवशी अंगणात आणखी आर पेटवणे हे फक्त अंजनाबाईंनाच सुचू शकत होते. (मार्तंडराव गोवऱ्यांच्या धुराविरुद्ध दर उन्हाळ्यात कुरकुरत असत. खाली ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात.)

"काय झालं वं पुष्पा?" अंजनाबाई जिन्यातूनच विचारत वर आल्या. सगळे ऐकून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "बस इतकंच? खाली फळ पाहिजे, वर कणीक पाहिजे, नि भाजून पाहिजे. मंग त्याले भट्टी कायले लागते? माझा आर काय मेला आहे का?"

"मावशी, साहेब अमेरिकेत खाऊन आलेला माणूस आहे," मार्तंडराव म्हणाले.

"मंग? तिकडं काय आर थंडा राहते?"

पुढचा कारभार अंजनाबाईंनी हाती घेतला. मैदा संपला होता. त्यांनी रोडग्यांची जाडी कणीक दिली. साखर संपली होती. त्यांनी गूळ किसला. पीचच्या फोडी तळ झाकायलाही पुरत नव्हत्या. त्यांनी माळ्यावर पिकत घातलेले बैंगनपल्ली आंबे उतरवले आणि कापून ओतले. थाळा चालणार नाही म्हणाल्या आणि आपली लोखंडी कढई आणली. साहेबांनी सांगितलेल्या पदार्थातले आता फक्त नाव उरले होते, आणि धुतलेल्या फोडी.

त्या फोडींसाठी मात्र मार्तंडराव हट्टाला पेटले. अखेर पदार्थ पीचचा होता. साहेबांच्या तोंडात पीच गेलाच पाहिजे. त्यांनी सगळ्या फोडी कढईच्या एका कानाशी गोळा करून ठेवल्या, म्हणजे वाढताना त्याच बाजूने साहेबांना वाढता येईल. वर अंजनाबाईंनी तुपात मळलेली कणीक थापली, कढईवर परात पालथी घातली, कढई आरात रोवली आणि परातीवर निखारे रचले. मग, सगळीकडून सारखी भाजली जावी म्हणून, त्यांनी कढई सांडशीने गरकन फिरवली. कान दोन होते. दोन्ही सारखेच दिसत होते.

"मावशी! कोणता कान होता?"

"कानाले काय करता? खाणार तोंडानं आहे ना तो?"

"तुमी इथीसाच बसा," पुष्पलताबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी केलं म्हणून सांगाचं आहे. अंगाले धुराचा वास तरी लागू द्या."

तेव्हा बाहेरची उष्णता बेचाळीस असेल. आराजवळची कोणी मोजली नाही. मार्तंडराव उकिडवे बसून पुठ्ठ्याने वारा घालू लागले. अंजनाबाईंच्या भाच्यांनी खाटा ओढून घेतल्या आणि ते पाहू लागले. सर्कशीला तिकीट लागते, इथे लागत नव्हते. वारा अंमळ जोरात बसला, एक ठिणगी उडाली आणि मार्तंडरावांची डावी भुवई अर्धी जळाली.

"आता कोणीही म्हणन, यायनंच केलं," अंजनाबाई समाधानाने म्हणाल्या.

साहेब स्कूटरवरून आले. मागे शोभाताई, त्यांच्या पत्नी, पदर डोक्यावरून घट्ट ओढून बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने अमेरिकेहून त्यांच्यासाठी पाण्याची पातळी मोजायची एक टेप आणली होती. बाकी त्यांना काही आणलेले नव्हते. जेवण साधेच होते. वरण, रोडगे, वांग्याची भाजी. तीही अंजनाबाईंच्या अंगणातून आलेली. साहेब मुकाट्याने जेवले. मग कढई आली.

परात काढली तेव्हा खोलीत धूर, गूळ आणि आंबा यांचा मिळून एक वास पसरला. वरचा थर मध्ये सोनेरी आणि कडेला, सौम्य शब्दांत सांगायचे तर, करपलेला होता. मार्तंडरावांनी देवाचे नाव घेऊन एका कानाकडून वाढले. साहेबांनी एक घास घेतला. काहीतरी कुर्रकन वाजले. ती राख होती.

साहेबांनी डोळे मिटले. पुष्पलताबाईंनीही मिटले. मार्तंडरावांना मिटलेल्या डोळ्यांपुढे सिरोंच्याची नदी दिसली.

"गावंडे," साहेब हळूच म्हणाले, "हे अगदी तेच आहे."

"तेच म्हणजे साहेब?"

"हॉटेलात मिळतो तो नव्हे. तिकडे एकदा आम्हाला गुरांच्या एका मोठ्या रँचवर नेलं होतं. उघड्यावर, लोखंडी भांड्यात, वर झाकण, झाकणावर निखारे! त्या कॉब्लरला हीच धुराची चव होती. आणि पीच! पीच किती गोड आहेत!"

तो बैंगनपल्ली होता. पीचच्या फोडी दुसऱ्या कानाशी होत्या आणि त्या अंजनाबाईंच्या वाटीत गेल्या. अंजनाबाई दारात उभ्या राहून खात होत्या. "आंबा बाकी उतरला होता वाटते," त्या पुटपुटल्या, आणि त्यांनी उरलेल्या फोडी हळूच वाटीच्या कडेला सारल्या.

"कोणी केलं हे?" साहेबांनी विचारले.

"यायनंच," पुष्पलताबाई म्हणाल्या. ठरल्याप्रमाणे इथे थांबायचे होते. पण साहेबांचा चेहरा इतका खुलला होता की त्यांना थांबवेना. "मी शाळेत असते ना जी. घरचं सारं हेच पाहते. वरण म्हणा, भाजी म्हणा."

"तरीच! भुवईचं काय झालं ते मघापासून विचारणार होतो. रोडगेही तुम्हीच?"

दारातून अंजनाबाईंचे खाकरणे ऐकू आले. आपल्या रोडग्यांचे श्रेय दुसऱ्याला जाताना पाहून त्या आता खरे सांगणार, अशी मार्तंडरावांना धास्ती वाटली. पण अंजनाबाईंना भाडेकरू जायला नको होता. महिन्याच्या महिन्याला भाडे देऊन विनातक्रार राहणारा माणूस मिळतो कुठे?

"हव जी," त्या म्हणाल्या. "माझ्या घरचेही यायनंच भाजून देल्ले. असा माणूस साऱ्या हनुमाननगरात नाही. लग्नाच्या पंगती उठवते हा."

"ओव्हन कोणता वापरलात, गावंडे?"

"ओव्हन नाही साहेब. गोवऱ्या."

"गॅस?"

"नंबर लागला नाही अजून."

साहेब पुढे सरकून बसले. प्रत्येक ‘नाही’ला ते अधिक खूश होत आहेत हे मार्तंडरावांच्या लक्षात आले, आणि त्यांनी हात सैल सोडला.

"मैदाही नव्हता साहेब. जाडी कणीक होती. साखर संपली होती, गुळावर भागवलं. सामान म्हणाल तं काहीच नव्हतं."

"म्हणजे काही नसताना केलंत हे?"

"काहीच नसताना, साहेब."

"शोभा, ऐकतेस ना?"

"ऐकते आहे," शोभाताई म्हणाल्या. त्या तिसऱ्यांदा वाढून घेत होत्या. "तुम्ही तिकडून आल्यापासून आज पहिल्यांदा पानात काही टाकलं नाहीत."

निघताना साहेबांनी मार्तंडरावांचा हात हातात घेतला. आतापर्यंत साहेबांचा हात मार्तंडरावांनी फक्त फाइल घेण्यासाठी पुढे आलेला पाहिला होता.

"गावंडे, महिनाभर एक काळजी माझ्या डोक्यावर होती. ती तुम्ही आज उतरवलीत. उद्या आल्याबरोबर मला भेटा."

स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघे नवराबायको फाटकात हात जोडून उभे होते. वळल्यावर पुष्पलताबाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. रात्री गच्चीवर दोघांनी नानखटाई खाल्ली, आणि बिचाऱ्या वामनरावांना सिरोंच्याला काय काय सोसावे लागेल याची मार्तंडरावांनी मनापासून हळहळ केली. जाताना त्यांना काही भेट द्यावी असेही ठरले. पुष्पलताबाईंनी कंदील सुचवला.

सोमवारी सकाळी मार्तंडराव इस्त्रीचा सदरा घालून साहेबांच्या खोलीत गेले.

"बसा," साहेब म्हणाले. कारकुनाला बसायला सांगण्याची त्या खोलीत पद्धत नव्हती. "सिरोंच्याला माणूस का टिकत नाही, ठाऊक आहे? लोकांना वाटतं हवा वाईट, रस्ता वाईट. तसं नाही. तिथे आपल्या माणसाच्या जेवणाची सोय नाही. खानावळ नाही, गॅस नाही, ओव्हनची तर बातच सोडा. तिघेही कारकून उपाशीपोटी परत आले. तुम्हाला पाठवावं की वामनरावांना, मला ठरवता येत नव्हतं. परवा वामनरावांना विचारलं, चहा तरी करता येतो का? तर म्हणाले, साहेब, दूध उतू गेलं तरी मले शेजारी सांगतात. अशा माणसाला तिथे पाठवायचं म्हणजे पाप!"

मार्तंडराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "खरं सांगू का? ते मी केलंच नव्हतं."

"गावंडे!"

"नाही साहेब, शपथेवर सांगतो. ते घरमालकिणीनं केलं. रोडगेही तिचेच. मले साधी फोडणी येत नाही. त्यात पीचही नव्हते, आंबे होते!"

साहेब खुर्चीत रेलून पोट धरून हसले. मग त्यांनी डोळे पुसले.

"हाच तुमचा दोष आहे. फार विनय. तुमच्या मिसेस सांगतात, मालकीणबाई सांगतात, लग्नाच्या पंगती उठवता म्हणून. आणि मी सहा महिने पीच खाल्ले आहेत हो. मला आंबा कळत नाही होय?"

बाहेर वामनराव मान डोलावत फाइली लावत होते.

गुरुवार, १ जून १९७८ रोजी मार्तंडराव गावंडे सिरोंचा शाखेत रुजू झाले. मुदत तीन वर्षे. साहेबांचा निरोप त्यांच्या आधीच पोचला होता. शाखेतले दोन शिपाई आणि जीपचा ड्रायव्हर अंगणात चूल मांडून, ताटे घेऊन बसले होते. रात्री चौघांनी फुटाणे खाल्ले.